आईच्या पदवीदानाला मी पालक

...नाही, पण मला एक सांगा, छातीवर बिल्ला टाचला की माणसाच्या कानात आपोआप बोळे बसतात का? कारण त्या गृहस्थांना मी तीनदा सांगितलं, हळू आवाजात, 'साहेब' म्हणून सांगितलं, आणि मी कुणाला साहेब म्हणत नाही, माझ्या मालकालासुद्धा 'ओ' म्हणून हाक मारतो. सांगितलं की साहेब, ही बाई या विद्यापीठाची पदवीधर आहे, हिचं नाव तुमच्या यादीत आहे, नावाची चिठ्ठी हिच्या मुठीत आहे, हिला आत सोडा. तर ते माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "गाऊनशिवाय पदवीधर नसतो." झालं! म्हणजे सात वर्षांचा अभ्यास, बावीस पेपर, तोंडी परीक्षा, सगळं त्या काळ्या झग्यात. आत जी बाई असते तिच्यात काही नाही. शिकलेली माणसं, आपण काय बोलायचं!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी उगाच तापलोय. पहिल्यापासून सांगतो.

पदवी आईची. हो, बरोबर ऐकलंत, आईचीच. वय त्रेपन्न, धंदा शिवणकाम, जिन्याखाली दुकान, एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मशीन ओढून घ्यावं लागतं. मी कॉलेज सोडलं दुसऱ्या वर्षाला. का सोडलं ते विचारू नका, सगळे विचारतात आणि उत्तर ऐकायला एकही जण थांबत नाही, मधेच स्वतःच्या काळातली गोष्ट सुरू करतात. तर पुस्तकं घरी पडून होती. आई म्हणाली, नवी कोरी आहेत, वाया कशाला घालवायची. आता तिचं हे असंच आहे, कापडाचा वीतभर तुकडा उरला तरी त्याचं ती काहीतरी करतेच. माझं शिक्षण उरलं होतं, त्यातून तिनं स्वतःसाठी पदवी बेतली. मशीनच्या डाव्या अंगाला कापड, उजव्या अंगाला माझं पुस्तक. पहिल्या बारा पानांवर माझ्या पेन्सिलच्या रेघा आहेत आणि तेराव्या पानापासून शेवटपर्यंत तिच्या खडूच्या!

आणि बाबा? बाबा पदवीधर. घरातले एकुलते एक. त्यांची पदवी बैठकीच्या खोलीत काचेत लावलेली आहे, आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी ती दाखवतात. आईचा निकाल लागला तेव्हा त्यांनी गुणपत्रिका हातात घेतली, चष्मा पुसला, पेन्सिल आणली आणि बेरीज तपासायला बसले. दोनदा तपासली. दोन्ही वेळेला बरोबर आली म्हणून दिवसभर गप्प! आणि समारंभाचं पत्र आलं तेव्हा म्हणाले की या वयात झगा घालून लोकांपुढे फिरायची हौस ज्याला असेल त्यानं फिरावं, मला त्यात ओढू नका. शिकलेली माणसं, आपण काय बोलायचं!

मग अर्जावर रकाना होता, 'सोबत येणाऱ्या पालकाचे नाव'. आईनं माझं लिहिलं. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, बाई, मुलगा पालक कसा होईल? आई म्हणाली, सध्या घरात तोच मोकळा आहे.

म्हणजे बघा, ज्या फाटकात पुन्हा पाऊल ठेवणार नाही असं मी चार मित्रांसमोर सांगितलं होतं, त्याच फाटकातून मी पालक म्हणून, इस्त्रीचा शर्ट घालून, आईची पिशवी धरून आत गेलो. बाइंडिंगच्या दुकानातून सुट्टी काढून. हो, मी प्रबंध बांधतो. लिहीत नाही, बांधतो. तीनशे-तीनशे पानांचे, पाठीवर सोनेरी अक्षरं. एकदा एका प्रबंधात चाळीस पानं माझ्याकडून उलटी लागली, तो तसाच मंजूर होऊन कपाटात गेला, कुणाचा फोन आला नाही. असो, तो विषय नाही.

विषय आईचा. तिला ना, ते व्यासपीठावरून चालायचं होतं. बस. दुसरं काही नको होतं. पत्राबरोबर सूचनांचा कागद होता: चिठ्ठी निवेदकाला द्यावी, उजव्या हाताने हस्तांदोलन करावे, डाव्या हाताने फोल्डर स्वीकारावे. आठ दिवस, तुम्हाला सांगतो, आठ दिवस ती मशीनपासून दारापर्यंत चालत होती, डाव्या हातात बेतायचा कागद गुंडाळून, आणि दाराच्या कडीशी हस्तांदोलन! मी बघतोय असं कळलं की पडदा सारखा करायची.

बरं, नऊला पोचलो. गाऊनच्या टेबलावर रांग. गाऊन दोनच मापांचे, मोठा आणि फार मोठा. गाऊनवाले काका म्हणजे नोंदवहीवर आडवे पडून लिहिणारं प्रकरण: नाव लिहायचे, पुढे 'दिला', सही घ्यायचे. आईनं गाऊन घेतला, बाही उलटी केली, शिवण बघितली, आणि तिचा चेहरा असा झाला, जसा डॉक्टरचा दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचताना होतो. घातला. टोपी घातली, गोंडा उजवीकडे घेतला. छान दिसत होती. मी सांगितलं नाही, पण दिसत होती.

आणि तेवढ्यात ती उंच मुलगी आली. आईच्याच तुकडीतली, ताडमाड, आणि तिचा गाऊन खांद्यापासून बाहीपर्यंत उसवलेला. रडकुंडीला आली होती बिचारी. झालं! आई घरातून निघताना चावी विसरेल, चष्मा विसरेल, टाचण्या आणि सुईदोरा विसरणार नाही. तिला म्हणाली, ये इकडे, सरळ उभी राहा. चार टाके घातले. मग दुसरी आली, तिचा घेर लोळत होता. मग एक मुलगा, त्याचं बटण. मग त्या मुलाचा मित्र. दहा मिनिटांत आईसमोर गाऊनवाल्या काकांपेक्षा मोठी रांग! आणि गाऊनची ती रुंद बाही सारखी सुईत येते, म्हणून आईनं स्वतःची टोपी आणि गाऊन काढून कठड्यावर टाकले. मी म्हणालो, आई, साडेदहाला दार बंद होतं. ती म्हणाली, हं. पुन्हा म्हणालो. हं. तोंडात टाचण्या धरलेल्या असताना आईशी वाद घालता येत नाही, लहानपणापासून करून पाहिलंय.

घंटा झाली. पोरं पळाली आत. आईनं शेवटचा दोरा दातानं तोडला, वळली... कठडा मोकळा. गाऊन नाही!

मी धावत टेबलाशी. काकांनी शांतपणे वही फिरवली. आईचं नाव, पुढे 'दिला', त्यापुढे ताज्या शाईत 'परत'. कठड्यावर बेवारस पडलेला दिसला म्हणून त्यांनी उचलून जमा करून घेतला होता आणि पुढच्याला देऊनही टाकला होता. मग दुसरा द्या की, मी म्हणालो. तर म्हणाले, "परत लिहिलंय. म्हणजे तुमचा समारंभ झालेला आहे." मी म्हणालो, अहो काका, समारंभ अजून सुरू व्हायचाय. त्यांनी वहीवर बोट ठेवलं. वही सांगते झालाय! आता वहीपुढे आपण कोण? शिकलेली माणसं, आपण काय बोलायचं!

आणि मग ते दारावरचे बिल्लेवाले, जिथून मी सुरुवात केली. गाऊनशिवाय पदवीधर नसतो. दार लावलं तोंडावर.

आई काय म्हणाली माहितीय? चिडली नाही. दोरा बोटावर गुंडाळला, सुई पदराला टोचली, आणि म्हणाली, "राहू दे. प्रमाणपत्र काय, खिडकीवरही मिळतं." आणि हातातली नावाची चिठ्ठी चार घड्या घालून पिशवीत ठेवली. आठ दिवस दाराच्या कडीशी हस्तांदोलन केलेली बाई, 'राहू दे' म्हणते! मला बाकी सगळं चालतं हो, पण तिचं हे 'राहू दे' चालत नाही. आयुष्यभर ऐकलंय ते.

आत प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू झालं होतं, बाहेर कर्ण्यातून ऐकू येत होतं. आजच्या तरुणांमध्ये चिकाटी नाही, आजच्या तरुणांना सगळं आयतं हवं. पंचेचाळीस मिनिटं! आयतं मिळालेल्या खुर्चीत बसून आले, आयत्या माईकवर बोलतायत, आणि चिकाटी म्हणे आमच्यात नाही. एकदाचं संपलं, नावं पुकारायला सुरुवात झाली, आणि फोल्डर घेतलेली पोरं बाजूच्या दारातून बाहेर यायला लागली. त्यात ती उंच मुलगी. तिनं आईला पायरीवर बसलेलं बघितलं.

"काकू, तुम्ही अजून बाहेर कशा?"

मी सांगितलं. तिनं ऐकता ऐकताच टोपी काढली, गाऊन काढला, आणि माझ्या हातात कोंबला. आता गाऊन आला, पण वेळ? बाजूच्या दारावर बघतो तर तेच बिल्लेवाले येऊन उभे! मला वाटलं, संपलं. मग डोक्यात आलं, या माणसानं मघाशी माझ्या डोक्यावरून भिंत बघितली होती, आमचे चेहरे त्यानं पाहिलेत कुठे? मी टोपी-गाऊन काखेत मारले, पिशवीतली टाचण्यांची उशी आईच्या मनगटावर चढवली, आणि तिला हाताला धरून त्यांच्यासमोर नेली. म्हणालो, "प्रमुख पाहुण्यांचा गाऊन उसवलाय, आत शिंपीणबाईंना बोलावलंय."

दार उघडलं! असं उघडलं, असं उघडलं, की स्वतः बाजूला झाले, "या, या, लवकर" म्हणाले, वर "पायरी आहे, जपून" म्हणाले! म्हणजे बघा, पदवी घ्यायला आलेली बाई दाराबाहेर, आणि कुणाचा तरी झगा शिवायला आलेली बाई सन्मानानं आत. बाई तीच. शिकलेली माणसं, आपण...

आणि आई आत जाता जाता मलाच म्हणते, खोटं कशाला बोललास रे?

पडद्याआड तिनं गाऊन घातला. तो उंच मुलीचा, म्हणजे आईच्या पायाखाली हातभर लोळतोय. वाकली, सटासट टाचण्या लावल्या, अर्ध्या मिनिटात घेर घोट्यावर. मग म्हणाली, टोपी सरळ आहे का, आरसा बघ कुठे. आरसा कुठला असणार तिथे? मी फोनचा कॅमेरा उलटा करून तिच्यासमोर धरला, तिनं गोंडा नीट केला, घड्या उलगडून चिठ्ठी हातात घेतली, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. मी धावत पालकांच्या खुर्च्यांकडे.

आणि तिथे कोण? बाबा! पहिल्या रांगेत! पत्राबरोबर पालकांचे दोन पास आले होते, त्यातला दुसरा आई सकाळी निघताना त्यांच्या चष्म्याच्या घराखाली ठेवून आली होती, मला न सांगता. आणि हे गृहस्थ शेजारच्याला सांगतायत की अभ्यास पहिल्यापासून माझ्याच देखरेखीखाली झाला. देखरेख! बेरीज तपासणं म्हणजे देखरेख! मी बोलणार होतो, चांगलं सुनावणार होतो, पण निवेदकानं आईचं नाव घेतलं.

मी फोन वर धरला, बटण दाबलं, आणि फोनवरून मान वर काढून नुसता बघत राहिलो.

चालली हो. कडीपर्यंत चालायची तशीच. उजवा हात पुढे, डावा हात पुढे, फोल्डर घेतला. आणि मग पुढे जायचं सोडून थांबली. प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यावरचा तो रंगीत पट्टा, तो उलटा बसला होता, अस्तर वर. एवढे प्राध्यापक मागे बसलेले, तासभर एकालाही दिसला नव्हता. आईनं फोल्डर काखेत धरला, दोन्ही हातांनी पट्टा सुलटा केला, मनगटावरची एक टाचणी काढून खांद्याशी टोचली, आणि पाहुणे, तरुणांना पंचेचाळीस मिनिटं झोडपलेले पाहुणे, मान खाली घालून माप द्यायला आल्यासारखे उभे! अख्खा हॉल हसला आणि मग टाळ्या, अशा टाळ्या... बाबा उभे राहिले. मागचा ओरडला, ओ, बसा खाली. बसले नाहीत. मी पहिल्यांदाच बघितलं, कुणी बसा म्हटल्यावर बाबा बसले नाहीत.

बाहेर आल्यावर आईनं फोल्डर उघडला. आत प्रमाणपत्र नाही! एक कागदाचा कपटा, 'मूळ प्रमाणपत्र खिडकी क्रमांक चारवर मिळेल.' मी भडकलो. आई हसली. म्हणाली, ते जाऊ दे, मी चालले ते दाखव आधी.

मी फोन काढला. लावलं. आणि...

कॅमेरा उलटाच होता हो. आरसा केला होता ना मी, तो परत फिरवायचाच राहिला. दोन मिनिटं दहा सेकंद, त्यात आई कुठेच नाही. निवेदकाचा आवाज आहे, हशा आहे, टाळ्या आहेत, आणि पडदाभर माझं थोबाड! डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, खालचा ओठ लहान मुलासारखा बाहेर. खांद्यामागे अर्धे बाबा, डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवणारे.

मी म्हणालो, पुसतो. आईनं फोन हिसकावला. म्हणाली, मी कशी चालले ते मला माहीत आहे. हे मला कुठे दिसलं असतं? सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. खाली लिहिलं, 'माझा पदवीदान समारंभ.' आता दुकानात गिऱ्हाईक आलं की माप घ्यायच्या आधी तेच दाखवते, मी तिथे उभा असलो तरी.

परवा वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या बाही आखूड करून घ्यायला. पूर्ण बघितलं त्यांनी. जाताना माझ्यापाशी थांबल्या, डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "एवढं रडू नये रे. पुढच्या वर्षी होशील पास."

मी म्हटलं, हो काकू.