ताईच्या वाट्याचा मासा

भाची : ...म्हणजे मंगळवारी पिशव्यांची अदलाबदल झाली, मामा.

मामा : तेच सांगतोय. बोटभर मासे पोरीकडे गेले आणि तिचा तो दांडगा मासा तुझ्या प्रयोगशाळेत. ती म्हणते, बाबा, सातव्या महिन्यात उपाशी ठेवता की काय मला? उरलाय का त्यातला?

भाची : कापला. पारा निघाला त्यात. खाण्यात चालतो त्याच्या चौपट.

मामा : यंत्र बिघडलं असेल.

भाची : तीनदा तपासला.

मामा : अगं, तलावाचं पाणी चांगलं आहे. दर महिन्याला तूच सही करतेस.

भाची : पाण्यात नावालाच आहे. पण बारक्या माशाच्या अंगात गेलेला पारा लवकर बाहेर पडत नाही. मोठा मासा असले हजारो बारके खातो, वर्षानुवर्षं. सगळ्यांचा पारा त्याच्या अंगात.

मामा : हावरटपणा नडला म्हण त्याला.

भाची : त्याला कुठे काय झालं? पोहत होता ना?

मामा : झकास. जाळं फाडलं मेल्यानं.

भाची : दोन वर्षं नमुने तुम्ही आणताय. दर वेळी बोटभरच का?

मामा : तुम्ही कापून फेकून देणार. चांगला मासा कशाला नासवायचा? फॉर्मवर आहे, 'मासे, तीन नग'. केवढे, ते कुठे लिहिलंय?

भाची : नाही लिहिलं. फॉर्म मीच केलाय.

मामा : बघ.

भाची : मोठे सगळे ताईकडे?

मामा : दर रविवारी. गोड बातमी कळल्यापासून आठवड्यातून दोनदा. ...उकळून घेतला तर?

भाची : नाही जात.

मामा : कातडी सोलली तर? डोकं टाकलं तर?

भाची : मांसातच असतो तो.

(मामा टोपी उचलतो, पुन्हा टेबलावर ठेवतो.)

मामा : बाळाला काही...?

भाची : आत्ताच नाही सांगता येत. मासा आजपासून बंद. डॉक्टरांना आजच सांगायचं, ते रक्त तपासतील.

मामा : तू कर फोन. तुझं ऐकेल ती.

भाची : आजवर तुमचंच ऐकलंय तिनं.

मामा : वास सहन व्हायचा नाही गं तिला. नाक दाबून खायची. मी म्हणायचो, खा, घरच्याच माणसानं तपासलाय. तुझा तो सहीचा कागदही नेऊन दिला.

भाची : कुठे आहे तो?

मामा : फ्रिजच्या दारावर. मीच चिकटवलाय.

भाची : चला. फोनवर नको, गाडी काढते.

मामा : आधी मी एकटाच आत जातो. कागद काढतो. मग तू ये.

भाची : कागद मी काढते, मामा. सही माझी आहे.