पानांचा फोटो

...आणि पानं कुठायत म्हणे! अहो, आमच्या ताईने जन्मात कधी पानाचा फोटो काढला असेल तर शपथ! तुम्हाला सांगतो, ताई गेली फेब्रुवारीत, आणि मागे ठेवलं काय, तर एक मोबाइल, त्यात रानफुलांचे चारशे फोटो. नुसती फुलं! नाव एकाचंही नाही. आणि आमचे भावोजी, पाणीपुरवठ्यात मीटरचं रीडिंग घेण्यात जन्म गेला माणसाचा, ते ना रडले ना कुणाशी बोलले, आठवड्याने एकदम म्हणाले, "यांची नावं लावून टाकतो." जसं काही ताईचं रीडिंगच राहिलं होतं घ्यायचं!

मग फुलं ओळखणाऱ्यांचा ग्रुप. तिथे वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त बाई. यांनी फोटो टाकायचा अवकाश, बाई हजर, "फूल छान. पानं कुठायत?" दुसरा टाकला... "पानं कुठायत?" आता आणायची कुठून? तर ताई जिथे जिथे फिरायची तिथे जायचं, तेच फूल हुडकायचं आणि पालथं पडून पानं टिपायची. सोबतीला कोण? मी! माझे गुडघे काय फुकट आलेत?

परवा शेवटचं एक राहिलं. पिवळं, पाच पाकळ्या, फोटो निम्मा हललेला. गावच्या पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर दोन तास घालवले तेव्हा कुठे सापडलं. भावोजी पोटावर आडवे! टाकीचा वॉचमन धावत आला, "काका, पडलात का?"

"नाही."

"मग उठा की!"

"पानं बाकी आहेत."

आवाज कसा, तर कोरडाठाक. लोकांच्या दारात उभं राहून "मीटर!" म्हणायचे ना, अगदी तसा.

फोटो गेला. बाईंचं उत्तर आलं, "आंबुशी. साधं तण आहे, तुमच्या दारातही असेल."

घरी आलो, अंगणातल्या नळापाशी बघतो तर काय... तीच! पानंच पानं, फूल एक नाही.

"ही?" भावोजी म्हणाले. "ही मी दर रविवारी उपटतो. फूल येऊच दिलं नाही कधी."

"आणि ताई काही बोलली नाही?"

त्यांनी नळ सोडला, हात धुतले, पँटला पुसले.

"बोलली असेल... नळ चालू असायचा."