जोशींचा राजीनामा

आमच्या चंदीगडच्या ऑफिसात आरोग्य विमा नवा नवा आला, तेव्हाची गंमत. विम्याआधी ऑफिसातच डॉक्टरांनी सगळ्यांची तपासणी केली आणि नगरहून बदलून आलेल्या जोशींना शुगर निघाली. हेडक्लार्क भुल्लरजी प्रेमानं म्हणाले, "जोशीजी, घबराना नहीं. बस राजीनामा दे दो, बाकी मैं देख लूंगा."

जोशी पांढरे पडले. "अहो, शुगर झाली म्हणून नोकरी जाते?"

"उदारीकरण आहे," मी धीर दिला, "काहीही जाऊ शकतं."

तासाभरानं जोशींनी कागद दिला. भुल्लरजी ओरडले, "ओ जी, ये तो इस्तीफा है! मैंने राजीनामा मांगा था!"

तिकडे राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. जोशींनी विम्याच्या संमतीवर सही ठोकली आणि त्या आनंदात, डॉक्टरांच्या देखत, चार जिलब्या खाल्ल्या.