वरचे तेरा मिलिमीटर

जबाब, दि. १०/०८/२००६, सकाळी ११.१५ वाजता

नाव: विमला दत्तात्रय गायधनी, वय ६७ वर्षे, धंदा: सेवानिवृत्त शिक्षिका (भूगोल), शिक्षण: बी. ए. (१९६०), राहणार: मखमलाबाद रोड, नाशिक.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एरवी एकटी राहते. आमच्या भागातील शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे. जून १९८३ पासून त्याची नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता मी घेते. निवृत्तीनंतरही हे काम विनावेतन माझ्याकडेच आहे. तेवीस वर्षांत पावसाळ्याचा एकही रकाना कोरा नाही. यजमान वारले त्या दिवशीचीही नोंद आहे. ४.६.

माजी नगरसेवक गोटीराम तिडके यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे, की मी दि. ७ ऑगस्टचा ७१.२ हा आकडा खोडून ५८.२ लिहिला आणि त्यामुळे नाल्याकाठच्या वस्तीची मदत बुडाली. आकडा मी खोडला, हे खरे आहे.

मदतीचा नियम असा की, एका दिवसात पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात आणि पडझडीचे पंचनामे होतात. पासष्टच्या खाली होत नाहीत. आमच्या भागासाठी माझ्या वहीतला आकडा धरला जातो.

दि. ५ रोजी सायंकाळी सहा वाजता वाचनालयात 'बदलते हवामान आणि माणूस' या विषयावर चर्चा होती. वक्ते तिडके आणि मी. तिडके यांचे म्हणणे, माणूस वाळवंटातही राहतो आणि बर्फातही. आपल्याकडच्या लोकांनी बाजरी सोडून द्राक्ष लावले, द्राक्ष सोडून गुलाब लावला. उंटाला कुबड आले, आपल्याला पॉलिहाऊस आले, असे ते म्हणाले. लोक हसले. मोठ्या देशांनी दोनशे वर्षे कोळसा जाळला आणि आता ते आपल्या चुली मोजायला निघाले आहेत, असेही ते म्हणाले. हे मला पटले आणि मी तसे तिथेच सांगितले.

मी वही दाखवली. वर्षाचा एकूण पाऊस फारसा बदललेला नाही. पावसाचे दिवस कमी झाले. जो पाऊस पूर्वी आठ दिवस पडे, तो आता एका दिवसात पडतो. त्यावर शेवटच्या रांगेतून एका व्यक्तीने विचारले, "जुळवून घ्यायचं म्हणता, ते कोणी? दर वेळी नाल्याकडच्यांनीच का?" अध्यक्षांनी आभार मानायला सुरुवात केली. मी वही मिटली.

दि. ६ रोजी दुपारपासून पाऊस होता. दि. ७ रोजी साडेआठ वाजता मी मापकातले पाणी मोजले. ७१.२ भरले. शाईने लिहिले. नंतर लक्षात आले की, मोजण्याचा काचेचा पेला मी हातात घेतला तेव्हाच आतून ओला होता. मी तो रोज पुसून पालथा ठेवते. तो कोनाड्यात असतो आणि कोनाड्याला कुलूप नाही. आजवर गरज पडली नव्हती.

शाळेच्या फाटकाशी एक व्यक्ती उभी होती. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "बाई, आधी मोजलं. नजर पाण्याच्या पातळीला ठेवून, तुम्ही शिकवलं तसं. अठ्ठावन्न पॉइंट दोन. ते परत ओतलं, मग वरून तेरा घातलं." तेराच का, असे मी विचारले. सात घालून नेमके पासष्ट केले असते तर संशय आला असता, असे उत्तर मिळाले. तिच्या घराची मागची भिंत त्याच पहाटे चार वाजता पडली होती. घरातली माणसे पुढच्या खोलीत होती म्हणून वाचली.

सभेत प्रश्न विचारणारी व्यक्ती हीच. माझ्याकडे सातवीत होती.

मी त्याच जागी ७१.२ खोडून ५८.२ लिहिले आणि सही केली. खरा आकडा ५८.२ आहे याला दुसरा पुरावा नाही. ज्या व्यक्तीने पाणी घातले तिच्याच शब्दावर मी तो लिहिला आहे. तो शब्द मला पुरेसा वाटला.

दि. ८ रोजी सकाळी दहा वाजता तिडके माझ्या घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "बाई, त्या दिवशी सभेत तुम्हीच म्हणालात ना पाऊस बदललाय? मग बदललेला दाखवा की. तेरा मिलिमीटरनं कोणाचं काय जातंय?" मी म्हटले, "पाऊस बदललाय हे सांगायला मला खोटा आकडा लागला, तर तेवीस वर्षांचे खरे आकडे कोण मानेल?" ते म्हणाले, "तुमचे आकडे खरे राहतील, लोक उघड्यावर राहतील." त्यांनी वही मागितली, मी दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार दिली.

पाणी कोणी घातले, असे मला तीन वेळा विचारण्यात आले. मला माहीत आहे. सांगणार नाही. याचा जो परिणाम होईल तो माझ्यावर व्हावा. माझ्या घरी दि. ७ पासून पाहुणे आहेत का, असेही विचारण्यात आले. आहेत. त्यांचा पर्जन्यमापकाशी संबंध नाही.

दि. ७ रोजी पहाटे नाल्याकाठी एक भिंत पडली, हे या जबाबात लिहावे असे मी सांगितले. हवालदारसाहेब म्हणाले, त्याचा तक्रारीशी संबंध येत नाही. माझ्या मते येतो. ५८.२ मिलिमीटर पावसात ती पडली, एवढे तरी कुठे लिहिलेले असावे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'अज्ञात इसमाने पाणी घातले' असे लिहिले होते. 'अज्ञात' हा शब्द मी खोडायला लावला, कारण ते खरे नाही. तिथे नावापुरती जागा कोरी ठेवली आहे: '............ या इसमाने पाणी घातले'. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे. त्या कोऱ्या जागेशेजारी मी वेगळी सही केली आहे.

सही/-
वि. द. गायधनी