कोत्काचा समुद्र

नाही हो, फोनचं ऐकाल तर उगाच फिराल — हे बघा, इथून लिएक्सातून खाली योएन्सू, मग लप्पेनरांता, आणि तिथून कोत्का. एकतीस वर्षं ट्रक चालवलाय मी, लाकडाचा. सगळी शहरं पाठ आहेत — म्हणजे मागच्या बाजूनं. कुओपिओ म्हटलं की लोकांना टेकडीवरचा मनोरा आठवतो, मला कारखान्याचा वजनकाटा. ताम्पेरेत भर शहरातून नदी उड्या मारत जाते म्हणे. मी तेव्हा ट्रकच्या रांगेत झोपलेलो. हेलसिंकी? दोनदा. दोन्ही वेळा रस्ता चुकलो. पण कोत्का — कोत्काच्या बंदरावर दर आठवड्याला. तिथं मुक्काम असायचा.

घ्या ना, बन घ्या. वेलचीचा आहे, दुकानातला. हिलक्का करायची ते वेगळे — हिलक्का म्हणजे माझी बायको. ती गेली त्याला ऑगस्टात दोन वर्षं होतील. तिला समुद्र बघायचा होता. खोटं वाटतं? दारात एवढं मोठं तळं, पण समुद्र नाही पाहिलेला. म्हणायची, दाखवायचा तर कोत्काचाच दाखव. मी म्हणायचो, पुढच्या उन्हाळ्यात. का नाही नेलं? वेळ नव्हता. म्हणजे — होता वेळ. कोत्काला राइली होती. बंदराजवळ खानावळ चालवायची. नऊ वर्षं. मग तिनंच सांगितलं, आता येऊ नकोस, आणि संपलं. हे मी तुम्हाला का सांगतोय? असो. तुम्ही इथं कुणाला ओळखत नाही.

तर त्या जूनमध्ये डॉक्टर म्हणाले, हिलक्काला कुठं न्यायचं असेल तर आत्ताच न्या. गाडीत उशा रचल्या, निघालो. योएन्सूपर्यंत गुणगुणत होती. लप्पेनरांता आलं तेव्हा मान कललेली. कोत्का फार तर दीड तासावर — आणि मी गाडी वळवली. साइमा तळ्याच्या धक्क्याकडे. ती दमली म्हणून — ओउलूला मुलगी असते, तिला असंच सांगितलंय मी. दमली होती, खरंच. पण मी घाबरलो होतो हो. राइली रस्त्यात दिसली तर? बंदरावरच्या कुणी हाक मारून राइलीची खुशाली सांगितली तर? म्हणालो, "हिलक्का, पोचलो. हा समुद्र." तिला धुरकट दिसायचं तेव्हा. समोर पांढरं जहाज उभं, वर पक्षी ओरडतायत — म्हटलं, खपून जाईल.

काठाशी नेलं धरून. वाकली, बोटं बुडवली, जिभेवर ठेवली. सगळा जन्म तळ्याकाठी गेलेली बाई — तिला गोडं पाणी कळणार नाही? मी जहाजाकडे बघत राहिलो.

"खारट आहे," म्हणाली.

मग कोटाला बोटं पुसली, माझा हात धरला. "चल वेइक्को, घरी. कोत्काचं मिटलं आता."

साडेचार तास गाडी चालवत घरी आलो. तिला कधीपासून ठाऊक होतं? कुणी सांगितलं? विचारायला दोन महिने होते माझ्याकडे. रोज सूप भरवायचो, उशी सारखी करायचो, खिडकी उघडायचो — आणि नाही विचारलं.

कॉफी राहू द्या, गार झाली ती. निघा तुम्ही. आणि जाताना दार ओढून घ्या, डास येतात आत.