शेजारच्या लूमचा लाल तंतू

माझ्या पीएचडीत अर्धा वाटा बाबांचा आहे, हे मी गमतीने म्हणत नाही. कॅन्सरच्या पेशी बाहेर अतिबारीक पिशव्या सोडतात. त्यातली प्रथिनं ओळखून आजाराचा माग काढायचा, हे माझं काम. पण निरोगी पेशी घ्या की कॅन्सरच्या, दोन्हींच्या पिशव्यांत तीच प्रथिनं सापडायची. माझे गाइड सर म्हणाले, "आता विषय बदलू."

रडकं तोंड घेऊन भिवंडीला घरी आले. बाबा जन्मभर लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, दुरुस्त करत आलेत. सगळं ऐकून म्हणाले, "पांढऱ्या कापडात लाल तंतू आला, तर आम्ही सुताला दोष देत न्हाय. शेजारच्या लूमवर काय चाललंय ते आधी बघतो. तू पेशींना खायला काय घालतेस?"

"वासराच्या रक्तातलं सीरम."

"मग वासराच्या पिशव्या त्यात नसतील कशावरून?"

हे मी पहिल्याच वर्षी शिकले होते आणि साफ विसरले होते. सीरममधल्या पिशव्या काढून टाकल्या, तशी कॅन्सरच्या पेशींची स्वतःची प्रथिनं लख्ख दिसली. सरांनी तीनदा चाचणी करायला लावली. तिन्ही वेळा तेच.

"कोणत्या लॅबला विचारलंस?" सर म्हणाले.

"भिवंडीच्या धामणकर नाक्यावरच्या, सर. चोवीस लूमची आहे."