दादा, उठलास का

घर बराबर हाये साहेब, कुलूप बघून माघारी फिरू नका — परमेश्वरचंच घर ते. सुनिता, त्याची बायको, माहेराला गेली, तेरावं झालं तशी. काहून म्हंजे? तुमाला न्हाई ठावं? बसा. या बाजंवर बसा. मी थोरला भाऊ त्याचा, संपतराव. परमेश्वर गेला साहेब. आज बावीस दिवस झाले.

तुमी हिंगोलीचे ना, दारू सोडवायच्या शिबिराचे? वळखलं मी. तुमीच सांगितलं व्हतं न्हाई का त्याला — डोंगर उचलाय जाऊ नको, रोज एक खडा उचल. सकाळी उठून तांब्याभर पाणी पी, आपलं अंथरूण आपण घडी घाल, आन् ज्याचं वाईट केलं त्याला रोज एक शब्द बोल. गाव हसलं. चाळीस वर्षाचा बाप्या अंथरुणाची घडी घालून राहिला म्हणून मीबी हसलो.

वाईट केलं ते माझंच. मेंढरं घेऊन वारंगा फाट्याकडं गेला, पिऊन पुलाखाली निजला, कळप हायवेवर चढला आन् ट्रक आला. एकतीस मेंढरं गेली, त्यात अकरा गाभण. मी चारचौघांत म्हणलो, "आजपासून तू मला मेलास." चार वर्षं बोललो न्हाई. मग शिबिरातून आला, आन् दुसऱ्याच दिवशी पहाटं इथं उभा — ही मेंढरं कोंडायची जाळी हाये ना, हिच्या पल्याड. "दादा, उठलास का?" एवढंच. मी तोंड फिरवलं, तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पावसात घोंगडं घेऊन यायचा, ताप असला तरी यायचा. दोन वर्षं साहेब, एक दिस चुकला न्हाई. माझी मालकीण, पंचफुला, म्हणायची, एक व्हय म्हणलं तर जीभ झडती का तुमची? मी म्हणायचो, कुत्र्याचं शेपूट हाये ते, नळीत घालून बी वाकडंच.

पर सवय मला लागली. कशाला खोटं बोलू? त्याच्या आधी उठून मी इथं येऊन बसाय लागलो — मेंढरं मोजून राहिलो असं दाखवायचं, ध्यान सगळं वाटंकडं. 'व्हय' हा एवढासा शब्द. मेंढरांपुढं म्हणून बघितला, येतो की. तो समोर आला की मातर तोंड आपसूक फिरायचं. मग म्हणायचो, उद्या. घाई काय, तो तर रोजच येतो.

त्या दिवशी आला न्हाई. उन्हं वर आली तरी बसून राहिलो. मग राग आला — बघ, म्हणलं, आला ना कंटाळा. मेंढरं सोडली. आन् ती बाभळ दिसती का, पल्याडची? चाळीस पावलं बी नसंल, पर तिच्या बुडाखालचं इथून दिसत न्हाई. तिच्याखाली पडलेला, पालथा. मी म्हणलं, पिऊन पडला हा परत. थांबलो न्हाई साहेब. मेंढरं बाजूनं काढली. एक म्हातारी मेंढी त्याला हुंगत उभी राहिली, तर तिला काठी घालून पुढं हाकलली. दुपारी गावातला माणिकराव सांगत आला, परमेश्वर गेला म्हणून. हार्ट अटक, डॉक्टर म्हणला, सकाळीच आणलं असतं तर वाचला असता. पंचफुलाला बी ठावं न्हाई हे. मी तुमाला काहून सांगून राहिलो?

ही त्याची वही. तुमीच दिलेली ना? सुनिता ठेवून गेली, म्हणली साहेब आले तर द्या. मला वाचता येत न्हाई, शाळंतल्या एका पोरीकडून वाचून घेतली. हा रकाना पाण्याचा. हा अंथरुणाचा. हा तिसरा 'दादाला हाक'. इथून घरी जाऊन मग खूण करायचा — रोजची हाये, बघा. आन् हा चवथा त्यानं आपल्या हातानं आखलाय — 'दादा बोलला'. वरून खालपर्यंत कोरा. दोन वर्षं रोज तो रकाना कोरा ठेवला आन् रोज पहाटं उठून आला.

आता शेवटची ओळ बघा. त्या दिवसाची. पाण्याची खूण हाये. अंथरुणाची हाये. पिलेला माणूस घडी घालतो का साहेब? शुद्धीत व्हता तो. माझ्याकडंच येऊन राहिला व्हता.

बोलू नका काही. तुमच्या खिशाला पेन हाये, तेवढी तिसरी खूण करा. निघाला तर व्हता ना तो? करा. मला न्हाई जमायचं.

चवथ्याला हात नका लावू. तो तसाच राहू द्या.

झालं? उठा मग. पंचफुला पाणी घेऊन येऊन राहिली, तिच्या देखत नको. जावा तुमी.